बावीस वर्षांचं वांगं

आसेगावच्या पुंजाजींना देव मान्य नव्हता, पण वांगेसटीचं भरीत मान्य होतं. वांगेसटीला, म्हणजे चंपाषष्ठीला, घरोघरी खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य जातो. त्या दिवशी पुंजाजी सकाळपासून गोवऱ्यांच्या आरावर नजर ठेवून असत. गावातलं कोणी ना कोणी टोकायचंच, "काहो पुंजाजी, देव नाई म्हणता अन् नैवेद्य तं दाबून खाता?"

उत्तर ठरलेलं. "देव खात असता तं म्या त्याच्या ताटात हात घातला नसता. तो खात नाई म्हणून मी खातो. चांगलं भरीत वाया जाऊ द्याचं का?"

माणूस नास्तिक आहे म्हटलं की ऐकणाऱ्याला लगेच एखादं दुःख हवं असतं. पोर गेलं असेल, नवस फळला नसेल, पुजाऱ्यानं फसवलं असेल. पुंजाजींच्या बाबतीत असलं काहीएक नव्हतं. मुलगा-मुलगी धडधाकट, बायको खमकी, विहिरीला पाणी, आणि दहावीपर्यंत शिकल्यामुळे हातात येईल तो कागद वाचायची सवय. त्यांचा देव वांग्यानं नेला.

झालं असं. पुंजाजी भाजीपाला पिकवणारे. बावीस वर्षांपूर्वी त्यांच्या मळ्यात गावठी काटेरी वांगं असायचं. तोडणी बायकोच्या, रुख्मिणीबाईंच्या हातची. भल्या पहाटे ओल्या झाडांतून हात घालायचा, देठाचे काटे बोटांत मोडायचे, आणि दिवसभर पीठ मळताना, मीठ-तिखट कालवताना ती बोटं ठणकायची. त्या बोलून दाखवत नव्हत्या असं नाही. चांगल्या दणकून बोलत. "वांगे तुमी लावता अन् काटे माह्या हातात. एक दिवस तुमीच तोडून पाहा."

पुंजाजींनी एक दिवस तोडून पाहिलं. त्या दिवशी त्यांना एक झाड असं दिसलं की त्याच्या देठाला काटे जवळजवळ नव्हते. त्यांनी रुख्मिणीबाईंच्या फाटक्या लाल लुगड्याची चिंधी काढून त्या झाडाला बांधली आणि घरात सांगून ठेवलं, याला कोणी हात लावायचा नाही. वांगं झाडावरच पिवळं होऊ दिलं, कापून बी काढलं, पाण्यात धुतलं, वर तरंगलेलं फेकून दिलं, तळाचं राखेत वाळवून डब्यात ठेवलं. पुढच्या हंगामात तेच लावलं. त्यातली कमी काट्यांची झाडं निवडली. पुन्हा चिंधी, पुन्हा बी. चौथ्या वर्षी अर्ध्याअधिक झाडांना काटे नावालाच उरले.

मंगरूळपीरच्या बाजारात त्यांच्याकडे एक गिऱ्हाईक नेमानं यायचं. अश्वजित सर, हायस्कूलला विज्ञान शिकवणारे. पुंजाजींनी त्यांच्या हातात वांगं ठेवलं.

"सर, चार सालात काटे आर्धे झाले. माह्या हातानं झाले. हे काय गौडबंगाल हाय?"

"गौडबंगाल कसलं? तुम्ही निवड केली." सर तिथेच पालकाच्या जुड्या बाजूला सारून बसले. "तुम्ही चार वर्षांत जे केलं तेच या पृथ्वीवर कोट्यवधी वर्षं चाललंय. त्यातूनच सगळं झालं. वांगं, मिरची, धोतरा, यांची फुलं शेजारी ठेवून पाहा, बहिणी वाटतील. माकड अन् आपण तसेच. मागं मागं गेलं की सगळ्यांची आजी एकच."

पुंजाजींनी विचार केला. माणूस हुशार होता, पहिल्याच बोलण्याला मान डोलावणारा नव्हता. "पण सर, मी निवडलं म्हणून हे झालं. मंग जगाचं बी असंच असन तं वर कोनीतरी पुंजाजी बसेल पाहिजेच."

सर हसले. "बरोबर पकडलंत. आता मला सांगा, बांधावरच्या रिंगणीला अंगभर काटे कोणी दिले?"

"कोनी म्हणजे?"

"बकरीनं. ज्या रिंगणीला काटे कमी, ती बकरीनं खाल्ली. जिला जास्त, ती उरली, तिचं बी पडलं. असं हजारो पिढ्या. निवड झाली, पण बसून निवडणारा कोणी नव्हता. बकरीला फक्त भूक होती."

त्या दिवशी पुंजाजी सरांची वांगी तोलायची विसरले. पुढचे आठ दिवस ते बांधावर उकिडवे बसून गावच्या बकऱ्या काय खातात आणि काय सोडतात ते बघत होते. रुख्मिणीबाई डोक्यावर भाकरी घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आता बकऱ्या राखाले लागले का? तेवढंच राह्यलं होतं."

मग आणखी एका बाजारात त्यांनी सरांना धरलं. "बाकी समदं पटलं. पण पहिलं बी? ते कोनं टाकलं?"

"पक्कं माहीत नाही," सर म्हणाले. "गरम पाण्याच्या डबक्यात असेल, समुद्राच्या तळाशी असेल. माती, क्षार, पाणी, ऊन यांच्या खदखदीत स्वतःसारखंच दुसरं बनवणारं काहीतरी तयार झालं, इथवर अंदाज आहे. शोध चालू आहे."

लोकांना वाटतं, अशा ठिकाणी माणूस नाउमेद होऊन परत देवाकडे वळतो. पुंजाजींचं उलट झालं. आयुष्यभर त्यांनी बुवा ऐकले होते, पोथी सांगणारे ऐकले होते. पृथ्वी कशावर टेकली आहे इथपासून मागच्या जन्मी आपण कोण होतो इथपर्यंत सगळं त्या लोकांना ठाऊक असायचं. "माहीत नाही" असं म्हणणारा शिकलेला माणूस त्यांनी पहिल्यांदा पाहिला. त्या माणसावर त्यांचा विश्वास बसला तो कायमचा.

घरी यावरून चकमकी झडत. रुख्मिणीबाईंचं म्हणणं साधं होतं. "म्या खंडोबाले म्हटलं होतं, देवा, या वांग्याचे काटे कमी कर. त्यानं केले."

"वा! उन्हातानात झाडं मी निवडले, अन् नाव खंडोबाचं?"

"तुमाले बुद्धी कोनं देल्ली?"

यावर पुंजाजींकडे उत्तर असायचं, पण पुढ्यात ताट असायचं म्हणून ते गप्प बसत. चातुर्मासात रुख्मिणीबाई वांगं तोंडात घालत नसत. चार महिने टोपल्याच्या टोपल्या वांगी तोडायच्या आणि स्वतः मुगाची डाळ खायची. पुंजाजी समोर बसून वांग्याची भाजी चाटूनपुसून खात. दोघांनी एकमेकांना सुधारायचं केव्हाच सोडून दिलं होतं, म्हणून संसार चांगला झाला.

गावात कोणी डिवचायचं, "काहो, तुमचा आजा माकड होता म्हणे?"

"माहा एकट्याचा नाई बावा, तुहा बी. भावकीच हाओत आपण. लग्नात आहेर द्याले इसरत जाऊ नको."

असा हा आनंदी नास्तिक. आपल्याला कोणी काही काम देऊन पाठवलेलं नाही, आपण आलो आणि एक दिवस जाऊ, हे ते भाजीचा भाव सांगावा इतक्या सहज सांगत. पण एक गोष्ट ते कोणाला बोलत नसत. ज्याला कोणी काम दिलेलं नव्हतं, त्यानं स्वतःच स्वतःला एक काम देऊन ठेवलं होतं. ते वांगं. बिनकाट्याच्या देठाचं, हिरव्या अंगावर पांढऱ्या रेघांचं, पातळ सालीचं. पंचक्रोशीत त्याला "पुंजाजीचं वांगं" म्हणत. देवळाच्या पायरीवर नाव कोरून घेणाऱ्यांना हसणाऱ्या या माणसाच्या मनात, आपण गेल्यावर आपलं वांगं राहील, एवढी गोष्ट घर करून होती.

यंदा ते वांगं संकटात आलं. पाऊस थांबायचं नाव घेईना, गादीवाफ्यातली रोपं जागच्या जागी कुजली. दुसऱ्यांदा टाकायला डब्यातलं उरलंसुरलं सगळं बी गेलं. त्यातून जेवढी जगली तेवढी लावली. त्यांनाही अळीनं पोखरलं. मार्गशीर्ष लागला तेव्हा वावर मोडून उशिराचा गहू पेरायचं ठरलं, फक्त सात झाडं ठेवून. त्या सात झाडांना चिंध्या बांधल्या होत्या. त्यांच्यावरची वांगी टच्च भरून रंग टाकू लागली होती. आणखी दोन-तीन आठवडे, मग बी निघालं असतं. डबा रिकामा होता. जे होतं ते त्या सात झाडांवर.

याच वर्षी घरात सून आली. मुलगा हरीओम, त्याची बायको योगिनी. मानोरा तालुक्यातली, पोहरादेवीच्या वाटेवरच्या गावची, बी.कॉम. झालेली, स्कूटी चालवणारी, आणि नव्या घरात आपल्या हातून काही चुकू नये म्हणून जरा जास्तच सावध.

तिच्या माहेरी एक रीत होती. वेलावरच्या भोपळ्याला, झाडावरच्या फळाला लाल चिंधी बांधली की ते देवाच्या नावानं राखलं. त्याला कोणी हात लावायचा नाही. सणाच्या सकाळी घरच्या लक्ष्मीनं न्हाऊन ते तोडायचं, चिंधी सोडून देवापुढे ठेवायची आणि फळाचा नैवेद्य करायचा. सासरच्या मळ्यात तिनं सात झाडांवर चिंध्या पाहिल्या. ही झाडं कोणी तोडायची नाहीत, हेही तिनं ऐकलं. तिनं मनाशी हिशेब जुळवला. सासरे देव मानत नाहीत, म्हणजे सासूबाईंनी त्यांच्यापासून लपवून खंडोबाला राखली असणार. विचारावं, तर सासऱ्यांच्या कानावर जायचं आणि बिचाऱ्या सासूबाईंचं गुपित फुटायचं. नकोच. आपण मुकाट्यानं करून टाकावं.

वांगेसटीच्या सकाळी ती ओल्या केसांनी मळ्यात गेली. सगळी वांगी तोडली, सातही चिंध्या सोडल्या, घरी येऊन त्या घडी करून देव्हाऱ्यात ठेवल्या आणि वांगी आरात भाजायला घातली. थोड्या वेळानं हरीओम ट्रॅक्टरवाल्याला घेऊन वावरात गेला. चिंधीची झाडं सोडायची होती. चिंधी कुठे दिसली नाही. त्याला वाटलं, बाबांनी बी काढून घेतलं. रोटाव्हेटर या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरला.

दुपारी पंगत बसली. पुंजाजींनी रोडगा कुस्करला, तुपाची धार सोडली, भरीत वाढून घेतलं. पहिल्याच घासाला म्हणाले, "भरीत बियाळ लागून राह्यलं. जून वांगे घातले काय?"

"खाचं तं खा," रुख्मिणीबाई म्हणाल्या. "देवाले चाललं, तुमालेच नाई चालत."

बी दाताखाली कचकचत होतं, चव कडवट होती. तरी त्यांनी तीन रोडगे खाल्ले. बावीस वर्षांचं बी त्या माणसानं स्वतःच चावून गिळलं, वर ताक प्यायलं आणि आडवा झाला.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते वावरात गेले. नांगरटीच्या ढेकळांत देठांचे तुकडे पडले होते. ते बांधावर उभे राहिले, नंतर बसले. घरी आले तेव्हा रुख्मिणीबाई देव्हारा पुसत होत्या आणि हातात सात लाल चिंध्या घेऊन सुनेला विचारत होत्या, "हे काय व, योगिनी?"

योगिनीनं सांगितलं. सांगता सांगता सासऱ्यांच्या तोंडाकडे पाहिलं आणि आपण काय करून बसलो ते तिला कळलं.

पुंजाजी ओरडले असते तर बरं झालं असतं. ते ओरडले नाहीत. अंगणातल्या बाजेवर जाऊन बसले. तीन दिवस त्या बाजेवरून ते जेवायला आणि झोपायला तेवढे उठले. हरीओम म्हणाला, "बाबा, तालुक्यावरून एक नंबर हायब्रीड आणून देतो, टेन्शन घेऊ नका." त्यांनी त्याच्याकडे अशी नजर टाकली की तो दोन दिवस त्यांच्या समोर आला नाही. योगिनी चहा आणून ठेवायची, तो थंड व्हायचा. रडून तिचे डोळे सुजले होते.

चौथ्या दिवशी रुख्मिणीबाईंचा संयम सुटला. तसा तो फार नव्हताच. त्या खराटा हातात घेऊन बाजेसमोर उभ्या राहिल्या.

"एक इचारू का? जनमभर आमाले हासले. दगडाची पूजा करता म्हणे. मंग तुमी काय केलं? वांग्याची केली. आमचा देव फुटला तं दुसरा बसवता येते. तुमचा तं रोटाव्हेटरखाली गेला. आता बसा सुतक धरून."

या वेळी समोर ताट नव्हतं, तरी पुंजाजींना उत्तर सुचेना. कारण बाई खरं बोलत होती.

"अन् ते पोरगी," त्या आवाज खाली आणून म्हणाल्या, "तिनं माह्यासाठी केलं. माह्या बाजूनं उभी राह्यली असं तिले वाटलं. चाळीस सालात या घरात माह्या देवाच्या बाजूनं कोनी उभं राह्यलं होतं का? उठा. एवढं मूठ-मूठ बी वाटत फिरले ना जगाले? जा, पाहा कोनाच्या घरी उरलं काय."

हे मात्र पुंजाजींच्या ध्यानातच आलं नव्हतं. बी ते कोणालाही देत. मागितलं की द्यायचं, परत मागायचं नाही. त्यांनी आठवायला सुरुवात केली. आसेगावातल्यांनी केव्हाच दुकानाचं बी धरलं होतं, तिथे आशा नव्हती. किन्हीराजा या गावी चुलत बहीण गोमतीबाई होती, तिला चौदा वर्षांपूर्वी दिलं होतं. पोहरादेवीच्या यात्रेत भाजीचं दुकान लावलं तेव्हा शेजारी एक सोमला नावाचा शेतकरी बसला होता, त्याला अकरा वर्षांपूर्वी. अंगात सदरा घालून ते उठले, तर दारात योगिनी स्कूटीची किल्ली घेऊन उभी.

"बाबा, मी नेतो तुमाले" म्हणायला हरीओम पुढे आला, पण ती म्हणाली, "नाही. मीच नेईन. माझ्याच हातून झालं ते."

पुंजाजी मागे बसले. स्कूटी किन्हीराजाच्या वाटेला लागली.

गोमतीबाईंनी भावाला पाहून अर्ध्या वाटेवरूनच आरोळी ठोकली. "दादा! रस्ता चुकला का? का माकडाच्या वंशावळीत माहं बी नाव लिहाले आला?"

"गोमे, चौदा साल झाले, तुले वांग्याचं बी देल्लं होतं. हाय?"

"हाय म्हणजे? दर साल लावतो आमी. चाल, दाखवतो."

वाफ्यापाशी गेल्यावर पुंजाजी वाकले आणि तसेच राहिले. वांगी होती. देठाला काटे नव्हते. पण आकार लिंबाएवढा, गोल, आणि रंग जांभळट. पांढऱ्या रेघा अंगावर कुठेतरी पुसट.

"हे माहं नाई," ते म्हणाले.

"असं कसं नाई? तूच तं देल्लं. मले भरल्या वांग्याले लहान लागते. मोठं वांगं मसाल्यानं भरलं तं आत कच्चं राहते. म्हणून मी दर साली लहान लहान पाहूनच बियाण्याले ठेवलं. शेजारी त्या पाटलाचे जांभळे वांगे, मधमाश्या इकडून तिकडं. आता मी काय त्यायले आडवू?"

गोमतीबाईंनी पिकलेली दोन वांगी पिशवीत घातली, जेवू घातलं, आणि बिनकाट्याच्या वांग्यासाठी भावाला पन्नास आशीर्वाद दिले. पुंजाजींचं तोंड उतरलेलंच. पुढच्या वाटेवर योगिनीनं हळूच विचारलं, "मामाजी, यातून तुमचं परत नाही होणार?"

"नाई. गेलं ते गेलं."

दोन-चार गावं मागे पडली. मध्येच तिनं पुन्हा तोंड उघडलं. चार दिवस आत दाबून ठेवलेलं असावं, एकदम बाहेर आलं. "मामाजी, राग नका येऊ देऊ. पण तुम्ही देव मानत नाही, पुढचा जन्म मानत नाही. मग एवढं करायचं कशासाठी? मला तर भीतीच वाटली असती."

चार दिवसांपूर्वी पुंजाजींनी याचं उत्तर खटकन दिलं असतं. आता ते म्हणाले, "मले बी चार दिवसांपासून माहीत नाई, माय." आपल्या तोंडून अश्वजित सरांचं वाक्य निघालं, हे त्यांच्या लक्षातही आलं नाही.

सोमलाचं वावर रस्त्याला लागूनच होतं. तो साठीचा, उंच, कानात भिकबाळीसारखी बाळी असलेला माणूस. त्यानं पुंजाजींना ओळखलं नाही, पण वांग्याचं नाव काढताच ओळखलं. "यात्रेतले भाजीवाले! या, या. तुमच्या वांग्यानं आमचं हसं केलं हो."

"काहून?"

"अहो, बिनकाट्याचं वांगं बाजारात नेलं तं कोनी हात लावेना. म्हणत, देशी नाई हे, हायब्रीड हाय. आमच्याकडं काटा दिसला तरच वांगं गावरान. मंग ज्याले थोडेबहुत काटे दिसले त्याचंच बी धरत गेलो. आता पाहा."

पुंजाजींनी पाहिलं. हिरवं अंग, पांढऱ्या रेघा, पातळ साल. अगदी त्यांचंच वांगं, आणि देठावर हे असे टोकदार काटे. वर्षानुवर्षं खपून त्यांनी जे काढून टाकलं होतं ते या माणसानं अकरा वर्षांत परत आणून बसवलं होतं.

योगिनी त्यांना धरायला पुढे झाली. आता हे इथे मट्‌कन खाली बसतात की काय! पण पुंजाजी हसायला लागले. आधी नाकातून, मग तोंडातून, मग पोट धरून. सोमलाही काही न कळून हसायला लागला.

"योगिनी, पाहून राह्यली का?" डोळे पुसत ते म्हणाले. "एकाच डब्यातलं बी. तिकडं गोमीच्या पातेल्यानं त्याले लहान केलं, इकडं बाजाराच्या शंकेनं त्याले काटे लावले. मी घरी बसून समजत होतो, वांगं माहं हाय अन् माह्यामागं तसंच राहीन. इतके साल लोकायले सांगतो, काहीच तसंच राहत नाई, समदं बदलत जाते. अन् माहं मात्र बदलू नये! सरायले सांगतो आता. म्हणतो, तुमचा विद्यार्थी नापास."

मग त्यांनी सोमलाला विचारलं, की बाजारात हायब्रीडचा एवढा सुकाळ असताना अकरा वर्षं हे बी राखलं कसं.

"आमच्या घरची रीत हाय," सोमला म्हणाला. "पहिलं चांगलं फळ देवीचं. ते तोडाचं नाई, झाडावरच पिकू द्याचं. पिकून पिवळं झालं की त्याचं बी देवीपुढं ठेवाचं, अन् तेच पुढच्या साली पेराचं. देवीचं बी दुकानात बदलून मिळते का? म्हणून राह्यलं."

एका घरच्या श्रद्धेनं पुंजाजींचं बी भाजून खाल्लं होतं आणि दुसऱ्या घरच्या श्रद्धेनं राखलं होतं. यातून काही सिद्ध होत नाही, ना देवाच्या बाजूनं ना विरुद्ध, हे समजण्याइतकं त्यांचं डोकं ठिकाणावर होतं. पण राखलं होतं ही गोष्ट खरी, आणि ज्यानं राखलं तो समोर उभा होता.

"सोमलाभाऊ, मी देव मानत नाई. तवा देवीचे आभार माह्याच्यानं मानवणार नाई. तुमचे मानतो. चालन?"

सोमला मोकळेपणी म्हणाला, "देवीले चालते. तिले तुमच्यासारख्याची सवय हाय."

पुंजाजींनी त्याचे दोन्ही हात धरले. एरवी नमस्कारालाही कंजूष माणूस, पण हात लवकर सोडले नाहीत. निघताना सोमलानं मूठभर बी कागदात बांधून दिलं आणि वर चार वांगी भाजीला, काट्यांसकट.

मानोऱ्याला चहाच्या टपरीवर स्कूटी थांबली. बाकावर बसून पुंजाजींनी पुडी उघडली, बी बोटानं पसरवलं. राईपेक्षा थोडं मोठं, चपटं, पिवळसर.

"मघाशी तू इचारलं ना, कायच्यासाठी?" ते म्हणाले. "आता सांगतो. आपल्याले कोनी पाठवलं नाई, हे मी आजबी म्हणतो. पण पाहा, कोट्यान साल झाले, ही साखळी कुठंच तुटली नाई. पहिल्या डबक्यापासून तुह्या-माह्यापर्यंत. मधात एखादा बी मेला असता पोरं व्हायच्या आधी, तं आपण दोघं या बाकावर चाय पेत नसतो. कोनाच्या मनात नसताना, कोनी न ठरवता, आपल्याले हे इतकं भेटलं. ऊन भेटलं, जीभ भेटली, भरीत भेटलं. मले तं हे फुकट भेटल्यावानी वाटते. मंग फुकट भेटलं त्याचं काय कराचं? पुढं द्याचं. दुसरं काय! पुढचा त्याचं काय करते, काटे लावते का लहान करते, ते त्याचं तो पाहीन."

"आणि आभार कोणाचे मानायचे?"

"जो समोर भेटला त्याचे. गोमीचे मानले नाई मघाशी, घुश्शात होतो, आता फोन करतो. सोमलाचे मानले. घरी तुही सासू हाय, तिनं खराटा घेऊन उठवलं, तिचे मानाले लागतीन. मानले तं डोक्यावर बसन, पण मानतो." ते थांबले. "अन् तुहे."

योगिनीनं चहाचा ग्लास बाकावर ठेवला. "माझे? मामाजी, मी तर तुमचं बी भाजून तुम्हालाच खाऊ घातलं!"

"तूच भाजलं. म्या तं तीन रोडग्यासंग खाल्लं, अन् वर नाव ठेवले, बियाळ लागते म्हणून." ते पुन्हा हसायला लागले. "तू भाजलं नसतं तं मी त्या सात झाडायपाशीच राखण करत बसलो असतो अन् तसाच मरून गेलो असतो. ज्या गोष्टीवर मी इतके साल भाषण ठोकतो, ते डोयानं पाहाले तुह्यामुळं भेटलं."

चार दिवसांत पहिल्यांदा योगिनी हसली. हसता हसता डोळ्यांत पाणी आलं तर तिनं ते सरळ बाहीनं पुसलं. मग पुडीतल्या बियांकडे बोट करून म्हणाली, "पण मामाजी, काटे मला नाही चालणार. आता तोडणी मी करणार आहे. अन् आकार गोमतीआत्याच्या वांग्यापेक्षा थोडा मोठा हवा. दोन्ही लावू, शेजारी शेजारी. मला जे आवडेल ते मी निवडीन."

"निवड. पण आधी इचारून तोडत जाजो."

"अन् पहिलं फळ मी खंडोबाला ठेवीन. पिकू देऊन."

पुंजाजींनी तिच्याकडे रोखून पाहिलं. घरात रुख्मिणीबाईंना जोडीदार मिळाली, याची त्यांना तिथल्या तिथे कल्पना आली.

"ठेव," ते म्हणाले. "बी निघाल्याशी मतलब. चाय संपव आता, अंधाराच्या आत घर गाठू. अन् गाडी जरा हळू चालव. माहा देव नाई, मले कोनी वाचवाले येणार नाई."